सहाशे एक्केचाळीस न सापडलेली माणसं

"वृषा, कामात आहेस?"

"नाही, बोल."

"माझा आकडा आला बघ. एकतीस. हे शंभरापैकीच धरायचं ना?"

वृषाली खानापुरे दक्षिण गोलार्धातल्या एका देशात, ब्रॅमवेलच्या जिल्हा रुग्णालयात संख्याशास्त्रज्ञ होती. हातातला डबा तिने तसाच टेबलावर ठेवला. इथे दुपारचा दीड वाजला होता, गडहिंग्लजला सकाळचे सात. आईने चहा घेता घेता मेल उघडली असणार.

"शंभरापैकीच," ती म्हणाली.

"म्हणजे नापास. चार गुण कमी पडले. आमच्या शाळेत असते तर ग्रेस देऊन वर ढकलली असती मला." आई हसली. वृषालीला हसता आलं नाही. मग आई म्हणाली, "खाली लिहिलंय, व्हिसा नाकारण्यात येत आहे. मनवाला काय सांगू? आजी येत नाही म्हणून?"

हेमलता खानापुरे चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी सदतीस वर्षं शिकवलं होतं. नवरा गेल्यापासून त्या दर दोन वर्षांनी मुलीकडे सहा महिने राहायला यायच्या. चार खेपा झाल्या होत्या. पाचव्या खेपेला नवा नियम आडवा आला.

हा नियम एका घड्याळावर उभा होता. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची लांबच लांब माळ असते, आणि त्या माळेवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके चिकटलेले असतात. वय वाढतं तसे काही ठिपके गळतात, काही नको तिथे जाऊन बसतात. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांमध्ये हा बदल सारख्या वेगाने होत नाही. जुन्या चाचण्या यावरून शरीराचं खरं वय सांगत. नव्या चाचणीत अशा नऊशे जागा आणि रक्तातली चाळीस प्रथिनं एकदम वाचली जात, आणि त्यातून एकच आकडा निघे: हा माणूस पुढच्या अठरा महिन्यांत मरण्याची शक्यता शंभरात किती. त्याला कालांक म्हणत. माणूस कशाने मरेल हे घड्याळ सांगत नसे. एकट्या माणसाबद्दल ते ठाम असं काहीच सांगत नसे. पण हजार माणसं घेतली की त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

त्या देशातल्या रुग्णालयांत खाटा कमी होत्या. पाहुणे म्हणून आलेले म्हातारे इथे आजारी पडले तर भार आपल्यावर, असं सरकारचं म्हणणं. म्हणून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक अर्जदाराने रक्त द्यायचं, आणि कालांक पंधराच्या वर असेल तर व्हिसा नाही. नाकारलेल्याला कारण कळवणं कायद्याने बंधनकारक होतं. त्यामुळे आकडाही कळवला जाई. हेमलताबाईंनी तो कधी विचारला नव्हता. बेळगावच्या केंद्रावर रक्त देऊन त्या येताना कुंद्याची मिठाई घेऊन आल्या होत्या, मुलीकडे न्यायला.

त्यानंतर आईचं आणि मुलीचं बोलणं बदललं. वृषाली आधी आठवड्यातून दोनदा फोन करायची, आता रोज करू लागली. रक्तदाब किती, जेवलीस का, पायावर सूज आहे का. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. वयाच्या मानाने प्रकृती उत्तम, असं त्यांनी लिहून दिलं. तरी फोन चालूच राहिले.

एक दिवस आई वैतागली. "मला बघायला फोन करतेस की आकड्याला?"

ब्रॅमवेलमध्ये हे काही एकाच घरात घडत नव्हतं. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष उदय घोरपडे यांच्या वडिलांचा, आप्पांचा, कालांक बावीस आला होता. घोरपडे मुळात स्थापत्य अभियंता, बोलायला भारदस्त. त्यांनी मंडळाची सभा घेतली, सह्या गोळा केल्या, खासदारांना गाठलं. त्यांचा मुद्दा साधा होता. हे घड्याळ इथल्या लोकांच्या रक्तावर बसवलंय. जनगणनेचे तक्ते मृत्यूच्या नोंदींशी जोडून त्याला शिकवलंय. त्यात आपली म्हातारी माणसं आहेत किती? पाहुण्यांना तर जनगणनेत धरतच नाहीत. मग दुसऱ्याच्या मापाची चप्पल आमच्या पायात का?

संसदीय समितीपुढे पहिली सुनावणी झाली, तेव्हा समितीच्या अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं बरोबरही असेल," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या लोकांची खात्रीची आकडेवारी आमच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?"

घोरपड्यांनी वृषालीकडे पाहिलं. तिच्याकडेही नव्हती. पण ती कुठून मिळेल हे तिला त्या क्षणी सुचलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी व्हिसासाठी क्षयाची तपासणी व्हायची. त्या वेळी घेतलेले रक्ताचे थेंब कागदी पट्ट्यांवर सुकवून सरकारी शीतगृहात ठेवले होते. प्रत्येकाच्या अर्जावर मातृभाषेचा रकाना होता. मराठी लिहिलेले, पासष्टीच्या पुढचे अर्जदार होते दोन हजार नऊशे. त्यांच्या पट्ट्यांवर आज घड्याळ चालवलं, तर त्यांच्यातले किती जण रक्त दिल्यापासून अठरा महिन्यांत जाणार होते ते कळेल. मग खरोखर किती गेले ते मोजायचं. घड्याळ आपल्या लोकांना लागू पडतं की नाही, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसेल.

सरकारने परवानगी दिली. पट्ट्या वाचल्या गेल्या. घड्याळ म्हणालं, दोनशे बारा.

आता राहिली माणसं मोजणं. ती तर केव्हाच आपापल्या गावी परतली होती. त्या देशाच्या दप्तरात त्यांची शेवटची नोंद विमानतळावरची. मंडळाच्या चाळीस स्वयंसेवकांनी याद्या वाटून घेतल्या आणि मुलामुलींना फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न ठरवून दिला होता: आई किंवा वडील हयात आहेत का? नसतील तर कधी गेले? विचारताना जीभ अडखळायची. एक स्वयंसेवक मुलगी तर फोन ठेवूनच पळाली होती, एका गृहस्थांनी "आहे की, बोलता का तिच्याशी?" म्हणून आईच्याच हातात फोन दिला तेव्हा.

सप्टेंबरअखेर दोन हजार दोनशे एकोणसाठ जणांचा पत्ता लागला. त्यातले अठरा महिन्यांच्या आत गेलेले होते अठ्ठ्याऐंशी. त्या गटासाठी घड्याळाचा अंदाज होता एकशे पासष्ट.

मंडळाच्या सभागृहात टाळ्या वाजल्या. घोरपड्यांनी पेढे आणवले. "निम्मी!" ते म्हणाले. "आपली माणसं यंत्राच्या दुप्पट चिवट निघाली. वृषालीताई, पुढच्या सुनावणीला हेच मांडायचं."

"अजून सहाशे एक्केचाळीस सापडले नाहीत, उदयदादा."

"दहातले आठ सापडले. शास्त्राला एवढं पुरतं ना?"

एरवी पुरलं असतं. घरी येऊन वृषालीने आईला फोनवर सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात उत्साह होता. हेमलताबाईंनी सगळं ऐकलं आणि मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "न सापडलेली कोण आहेत?"

"ज्यांची मुलं आता मंडळाच्या संपर्कात नाहीत ती. नंबर बदलले, गावं बदलली."

"का नाहीत संपर्कात?"

वृषालीने न सापडलेल्यांची यादी पुढे ओढली.

"मी तीन जनगणना केल्यात, वृषा. एक्याण्णव, दोन हजार एक आणि अकरा. घराला कुलूप दिसलं की नवीन पोरं रिकामं घर म्हणून लिहून मोकळी व्हायची. मी परत जायची. तिसऱ्यांदा गेलं की कळायचं, आत माणसं आहेत, नुकतं कुणी तरी गेलंय म्हणून दार लावून बसलीत. ज्याच्या घरात दुःख झालं तो आधी लोकांत मिसळायचा बंद होतो. तुझ्या याद्यांत तीच घरं सुटली असणार." आणि मग म्हणाल्या, "पाठव मला यादी. तशी मी रिकामीच आहे."

साडेतीन महिने त्यांनी ते काम केलं. अर्जांवरचे जुने पत्ते होते, तेवढ्यावर. ग्रामपंचायत, रेशन दुकान, गावचा शिक्षक, पोस्ट. सकाळी देवपूजा झाली की वही घेऊन बसायच्या. कधी सहा घरं व्हायची, कधी दिवसभरात एकही नाही. संकेश्वरपासून सटाण्यापर्यंत त्यांनी माणसं शोधली. वृषालीचे रोजचे फोन आता वेगळे झाले. पायाची सूज मागे पडली. "आज चोपड्याच्या बाई सापडल्या," आई सांगायची, "एक्क्याऐंशीच्या आहेत, आवाज ठणठणीत." पण अशी सापडणं कमी होत गेलं. डिसेंबरात आई नुसतं एवढंच म्हणायची, "आज पाच झाली. पाठवते तक्ता."

एक दिवस आईने विचारलं, "तक्त्यात आणखी एक रकाना घातला तर चालेल? माणूस कुठे गेलं, तो."

"म्हणजे?"

"इथे, की तुमच्याकडे. आणि तुमच्याकडच्या इस्पितळात ठेवावं लागलं होतं का, तेही. मी सगळ्यांना विचारतेच. तेवढं विचारल्याशिवाय फोन ठेवणं बरं दिसत नाही."

वृषालीने रकाना घातला, आणि आधीच्या अठ्ठ्याऐंशी घरांनाही तेच विचारून घेतलं.

जानेवारीत पाचशे अठ्ठ्याण्णव घरं पूर्ण झाली. त्रेचाळीस काही केल्या सापडली नाहीत. दुपारी रुग्णालयातल्या आपल्या खोलीत बसून वृषालीने बेरीज केली. आईच्या यादीतले अठरा महिन्यांच्या आत गेलेले: एकशे एकवीस. आधीचे अठ्ठ्याऐंशी. एकूण दोनशे नऊ.

घड्याळ म्हणालं होतं, दोनशे बारा.

तिने बेरीज चारदा केली. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर उन्हाळा होता, खालच्या हिरवळीवर परिचारिका जेवत बसल्या होत्या. घड्याळ आपल्या लोकांना लागू पडत होतं, इतरांना पडतं तितकंच. याचा मंडळाला काय फटका बसेल हे तिच्या ध्यानात आलं, पण नंतर. आधी डोळ्यांपुढे आला एकतीसचा आकडा.

तिने आईला फोन लावला आणि सांगून टाकलं.

"बरं," आई म्हणाली. "त्रेचाळीस राहिलीच ना पण. नासिककडची चार घरं मिळायला हवी होती." मग ती म्हणाली, "रडायला लागलीस होय? अगं, एकतीस म्हणजे एकोणसत्तर जगतात. तूच शिकवलंस मला."

"मी काय करू, आई?"

"जे मोजलं ते लिही. मी इतक्या लोकांना त्यांच्या आईबापाचं विचारलं ते काय तू लपवून ठेवायला?"

सुनावणीच्या दोन दिवस आधी घोरपडे वृषालीच्या घरी आले. कागद त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

"सप्टेंबरचा तक्ता होता तोच देऊ," ते म्हणाले. "तो खोटा नव्हता."

"अपुरा होता. ते मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. समितीला नाही." त्यांचा आवाज चढला. "वृषालीताई, माझे वडील एक्क्याऐंशीचे आहेत. तुमच्या आईचा तरी विचार करा!"

"तिनेच मोजलीत ही माणसं, उदयदादा."

घोरपड्यांनी कागद टेबलावर ठेवला. दारातून वळून म्हणाले, "मंडळाच्या वतीने तुम्ही बोलू नका. स्वतःच्या नावाने बोला." मनवा जिन्यात उभी राहून ऐकत होती. "घोरपडेकाका आपल्यावर चिडले?" तिने विचारलं. "आजी येणार नाही का आता?" वृषाली तिच्याशेजारी पायरीवर बसली.

समितीपुढे तिने दोन्ही आकडे ठेवले. पहिला का चुकला तेही सांगितलं. मग शेवटचा रकाना वाचला. दोनशे नऊ माणसांतली त्या देशात मेलेली होती सहा. तिथल्या रुग्णालयात दाखल झालेली अकरा. बाकीची आधीच परतली होती, किंवा बरं वाटेना म्हणताच तिकीट बदलून गेली होती. "घड्याळ माणसं कधी जातील ते बरोबर सांगतं," ती म्हणाली. "कुठे जातील ते त्याला कळत नाही. आमची माणसं शेवटाला घरी जातात. ज्या भारासाठी तुम्ही दार बंद केलंय, तो कधी पडलाच नव्हता."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. रुग्णालयांच्या नोंदींशी ताडून पाहावं लागेल, म्हणाल्या. वर्तमानपत्रांनी मात्र पहिलीच ओळ उचलली: घड्याळ अचूक, स्थलांतरितांच्याच अभ्यासाची कबुली. मंडळाच्या गटावर कुणी तरी लिहिलं, आपल्याच आईबापांविरुद्ध साक्ष दिली. त्याखाली चौऱ्याहत्तर जणांनी अंगठे उठवले. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं निमंत्रण तिला आलं नाही.

मार्चमध्ये ती सहा आठवड्यांची रजा काढून गडहिंग्लजला गेली. आई उन्हात मिरच्या वाळत घालत होती. तब्येत खरंच चांगली दिसत होती. फोन मात्र सारखा वाजायचा. ज्या पाचशे अठ्ठ्याण्णव घरांत तिने विचारपूस केली होती, तिथली माणसं आता तिलाच फोन करत होती. सुनेशी पटत नाही, श्राद्ध कधी घालायचं, नातीला परीक्षेत किती पडले.

निघायच्या आदल्या दिवशी वृषाली म्हणाली, "मी राहते इथेच. रजा वाढवून घेते."

"किती दिवस?"

वृषालीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ऑगस्टात अठरा महिने भरतात, तोवर, असंच ना?" आई मिरच्यांचे देठ मोडत होती. "आणि नाही मेले तर? सप्टेंबर उजाडला, ऑक्टोबर उजाडला. तिकडे मनवाची शाळा, तुझी नोकरी. एक दिवस तुझ्या मनात येईल, ही अजून आहेच. ते तुझ्या मनात यायला नको, वृषा. जा तू."

ती गेली. विमानात बसेपर्यंत तिला वाटत होतं आपण ऐकलं ते बरोबर केलं.

जूनच्या तेवीस तारखेला शेजारच्या मुल्लाभाभींचा फोन आला. "बाई सकाळी खुर्चीत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर..." मग मामेभाऊ बोलला. दोन विमानं आणि बेळगावपासून गाडी, वृषालीला पोहोचायला छत्तीस तास लागणार होते. "थांबू नका," तिने स्वतःच सांगितलं.

ती पोहोचली तेव्हा घर पुसून घेतलेलं होतं. फळीवर आईच्या सात वह्या होत्या. प्रत्येक नावापुढे तारीख, आणि समासात बारीक अक्षरात तक्त्यात नसलेलं काही काही: "मुलगा फार रडला. परत फोन करणे." "नवरा एकटाच असतो. डबा कुणाकडून?" "ऐकू कमी येतं, मोठ्याने बोलणे." वृषाली सातही वह्या वाचत ओसरीवर बसून राहिली. मुल्लाभाभींनी दोनदा चहा गरम करून आणला.

नोव्हेंबरात समितीचा निर्णय आला. रुग्णालयांच्या नोंदी वृषालीच्या आकड्यांशी जुळल्या होत्या. पाहुण्यांसाठी कालांकाची अट काढून टाकण्यात आली. आता विमा आणि परतीचं तिकीट एवढंच.

जानेवारीत घोरपडे रुग्णालयात आले. वर्षभर ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. तिच्या खोलीच्या दारात ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. "आप्पा आलेत परवा," ते म्हणाले. "रविवारी जेवायला याल का? मनवालाही आणा."

आप्पा घोरपडे वाळलेल्या अंगाचे, मोठ्या कानांचे गृहस्थ होते. जेवण झाल्यावर त्यांनी वृषालीला जवळ बसवून घेतलं.

"तुम्ही खानापुरे बाईंच्या का? त्यांनी फोन केलता मला. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात. आमच्या गावच्या दत्तू सुताराची चौकशी कराया."

"तुम्हालाही?" वृषाली चकित झाली.

"गावात विचारत विचारत माझ्यापातूर आल्या. दत्तू गेला म्हनून सांगितलं. मग अर्धा तास बोलल्या की. म्या म्हनलं, बाई, ही मोजदाद झाली की दार उघडंल, तुम्ही जाशिला लेकीकडं." आप्पा थांबले. "हसल्या. म्हनल्या, न्हाई हो, आता माझ्या ध्यानात आलंय, यात पाचांतलं एक माणूस दीड वर्साच्या आतच गेलेलं निघाय लागलंय. ते यंत्र खरं ठरणार. आणि माझी पोरगी खोटं लिहायची न्हाई. मग मला कोण नेतंय?"

स्वयंपाकघराच्या दारात घोरपडे हातात पाण्याचा तांब्या घेऊन थबकले होते.

"म्हणजे आईला ठाऊक होतं?" वृषालीने विचारलं. "डिसेंबरात? मग पुढची घरं..."

"म्या बी तेच इचारलं. मग कशाला करताय म्हनलं. तर म्हनल्या, अजून दीडशे घरं राहिलीत की."

मनवा जवळ येऊन आईला टेकली. वृषालीने तिला एका हाताने धरलं, आणि दुसऱ्या हाताने खुर्ची आप्पांच्या आणखी जवळ ओढली.

"अजून काय म्हणाली आई?" ती म्हणाली. "अर्धा तास बोलली ना? सगळं सांगा."